मृगाच्या तोंडावर

जूनचा अंक छपाईला जाताना बीडमध्ये सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे लागलेल्या असतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा. ढग येतात, गडगडतात आणि पुष्कळदा न बरसताच पुढे सरकतात. म्हणून इथं पंचांगातलं नक्षत्राचं वाहनही मन लावून वाचलं जातं. पण पाऊस नुसता आभाळात शोधू नका, परसातही पाहा. पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर मृगाचा किडा निघतो: लालभडक, मखमली, बोट लावताच पाय आखडून घेणारा. तो ओलीवर वर येतो, तारखेवर नाही. पावशा पक्ष्याची ‘पेर्ते व्हा’ ही हाक मात्र पावसाआधीच सुरू होते. ती त्याच्या विणीच्या हंगामातली साद आहे. तिच्या भरवशावर धूळपेरणी करू नये, असं आम्हाला कळकळीनं वाटतं.

परसापलीकडेही हा ऋतू दिसतो. पाटोदा तालुक्यातल्या नायगावला १९९४ पासून मयूर अभयारण्य आहे. बालाघाटाच्या त्या डोंगररांगांत मोर याच दिवसांत पिसारा फुलवतात, आणि पावसाळा सरता सरता तीच लांब पिसं गळून पडतात.

तुमच्या परसात पहिला मृगकिडा कधी दिसला, त्याआधी पाऊस किती झाला, हे वहीत टिपा आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात गावोगावच्या नोंदी शेजारीशेजारी छापू.