मुलांना मुंबई दाखवताना

दिवाळीची सुट्टी लागली, की "आई, मुंबईला जाऊ या ना!" असा धोशा घरोघरी सुरू होतो. अवश्य जावे, पण भगिनींनो, दोन दिवसांत अख्खी मुंबई उरकायचा हट्ट नको. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक. मधली दुपार मुलांच्या झोपेची.

राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी; तेव्हा वार पाहूनच बेत आखावा. राणीच्या बागेत आधी पेंग्विन दाखवावेत, म्हणजे चिमुरडी दमायच्या आत ते पाहून होतात.

घारापुरीला गेटवेहून लाँचने तासभर लागतो, पुढे शंभरावर पायऱ्या. याच जलमार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून प्रवासी बोट उलटली, माणसे दगावली. म्हणून लाँच सुटण्याआधीच मुलांना मापाचे लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळा. मापाचे मिळाले नाही तर सरळ खाली उतरा. "काही होत नाही गं!" असे घरचेच कुणी म्हणाले, तरी ऐकू नका.

लोकलने जायचे तर सकाळ-संध्याकाळची कचेरीची गर्दी टाळावी. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी हवी. पिशवीत पाणी, दशम्या आणि कपड्यांचा एक जादा जोड घ्यावा.

आणि हो, ती पिशवी दिवसभर तुमच्याच खांद्याला कशाला? घटकाभर 'ह्यां'च्याकडे द्या अन् समुद्र तुम्हीही डोळे भरून पाहा. सुट्टी तुमचीही आहेच की!