‘व्हेरिफाइड’ टिक आणि आईचं दुसरं लग्न: नालासोपाऱ्याच्या प्रकरणात नेमकं काय तपासलं गेलं नव्हतं?

जुलै २०२४ मध्ये मीरा-भाईंदर वसई-विरार पोलिसांनी कल्याणमधून ४३ वर्षांच्या एका माणसाला अटक केली. तक्रार नालासोपाऱ्यातल्या एका महिलेची होती. मॅट्रिमोनियल साइटवर ओळख झाली, लग्न झालं आणि नंतर रोकड, लॅपटॉप धरून साडेसहा लाखांचा ऐवज गेला, असं तिचं म्हणणं. पोलिसांच्या माहितीनुसार या माणसाने २०१५ पासून वेगवेगळ्या राज्यांत वीसहून जास्त बायकांशी लग्नं केली. शोधायचा तो मुख्यतः घटस्फोटित आणि विधवा महिला.

बातमी आली तेव्हा विरार लोकलमध्ये एकच वाक्य ऐकू येत होतं: “या वयात कशाला हवं होतं हे?” मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. मुलं नोकरीला लागली, घरात बोलायला कोणी नाही, तर जोडीदार शोधण्यात गैर काय? पुण्यात माधव दामले २०१२ पासून ज्येष्ठांसाठी हेच काम करतायत. खरा प्रश्न असा आहे, की वीस लग्नं होईपर्यंत सिस्टिमला कळलं कसं नाही?

तर आधी ती टिक समजून घेऊ. ओटीपी टाकला की अ‍ॅपला एवढंच कळतं, की हे सिम आत्ता या माणसाच्या हातात आहे. ओळखपत्र अपलोड केलं तर नाव आणि फोटो कळतो. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने मॅट्रिमोनियल साइट्ससाठी सूचना काढल्या, त्यातही भर ओळख तपासण्यावर आणि आयपी पत्ते जपून ठेवण्यावर होता. पण आधार कार्डावर ‘विवाहित’ असा रकाना नसतो. आपल्याकडे लग्नाची नोंद स्थानिक पातळीवर होते, आणि बरीच लग्नं नोंदलीच जात नाहीत. म्हणजे ‘हा माणूस आज विवाहित आहे का?’ हे विचारता येईल असा देशभराचा एक डेटाबेसच नाही. त्यामुळे ‘घटस्फोटित’ हा पर्याय प्रोफाइलवर जो तो स्वतःच निवडतो. ती टिक त्याबद्दल काहीच सांगत नाही.

गंमत म्हणजे यावरचा जुना उपाय वसईत अजून चालू आहे. इथल्या कॅथलिक चर्चमध्ये लग्न ठरलं की तीन रविवारी नावं जाहीर करतात, हरकत असेल तर कळवा म्हणतात. विशेष विवाह कायद्यातली ३० दिवसांची नोटीस साधारण तशीच. (या नोटिशीचा प्रेमविवाह करणाऱ्यांना होणारा त्रास हा वेगळा आणि मोठा विषय आहे.) पेपरातल्या जाहिरातीला आलेली पत्रंसुद्धा घरातले चार जण वाचायचे. अ‍ॅपने नेमकं हे काढून टाकलं. आता स्थळ एकाच फोनमध्ये उघडतं, आणि मुलं चिडतील म्हणून आई ते कोणाला दाखवत नाही. फसवणाऱ्याला तेवढंच हवं असतं. म्हणजे आपल्या कपाळावरची आठी हासुद्धा एक सिक्युरिटी होल आहे.

तेव्हा घरात कोणी स्थळ शोधत असेल तर फोन काढून घेऊ नका. शेजारी बसा. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच चेहरा दुसऱ्या नावाने दिसला तर तिथेच थांबा. घटस्फोट झालाय म्हणतात? कोर्टाच्या निकालाची प्रत मागा. त्यावर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असेल, तर ई-कोर्ट्सच्या साइटवर प्रकरणाची स्थिती बऱ्याचदा दिसते. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. नव्या दाखल्यांवर क्यूआर कोड असतो, पण स्कॅन केल्यावर सरकारी साइटच उघडते का, हे पत्ता वाचून बघा. खोट्या साइट्सही तशाच दिसतात. व्हिडिओ कॉलवर भरवसा ठेवून चालणार नाही, चेहरा बदलणारी अ‍ॅप्स आता कोणाकडेही असतात. प्रत्यक्ष त्यांच्या घरी जा, शेजाऱ्यांशी बोला. कागद मागितल्यावर समोरचा रागावला, तरी मागाच. आपलेही कागद आधीच पुढे ठेवले की अवघडल्यासारखं होत नाही.

आणि पैसे. लग्नाआधी उधार, गुंतवणूक, ‘अकाउंट फ्रीझ झालंय’, काहीही कारण असो, एक रुपया नाही.

गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. चॅट डिलीट करू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. ओळख लपवून किंवा लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे, आणि आधीचं लग्न कायम असताना दुसरं करणं कलम ८२ खाली. पोलीस ठाण्यात आईसोबत तुम्ही जा. “या वयात?” तिला तिथेही ऐकावं लागू शकतं.