घर आणि ऋतू

नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे दिवाणखान्याच्या रंगापासून पडद्यांच्या कापडापर्यंत सर्व गोष्टींवर कुटुंबात खल होतो. वैशाखात दुपारी दोन वाजता आजी कोठे बसेल आणि श्रावणात ओले कपडे कोठे वाळतील, हे प्रश्न मात्र बहुधा वास्तू उभी राहिल्यावर सुचतात. म्हणून आज आम्ही वाचकांस जरा दूर, ग्वाल्हेरास, घेऊन जाणार आहोत. ऋतू तेथे घराची जशी कसोटी पाहतात, तशी आपल्या किनारपट्टीवर पाहत नाहीत.

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. तंबूंच्या जागी हळूहळू दगडी घरे आली, तरी वस्तीचे नाव 'लष्कर' असेच राहिले. शिंद्यांबरोबर गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्पिढ्या रुजली. खासगी बाजार हा या लष्करातीलच भाग. संस्थानी कारभारात 'खासगी' म्हणजे राजघराण्याचे स्वतःचे खाते. तो जुना शब्द वस्तीच्या नावात अजून नांदतो आहे.

तेथे मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो व 'लू' नावाचा कोरडा, भाजून काढणारा वारा सुटतो. जुलैपासून पावसाळी दमटपणा येतो. जानेवारीत धुके पडून रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. एकाच खोलीत हे तिन्ही काळ सुखाने काढणे कठीण. जुन्या वाड्यांनी यावर साधी तोड काढली होती. खोल्या जागच्या जागी राहत आणि बिऱ्हाड ऋतुमानाप्रमाणे घरातल्या घरात हलत असे. उन्हाळ्याच्या दुपारी माणसे तळमजल्याच्या आतील खोल्यांत अथवा तळघरात बसत. जाड दगडी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते बाहेर टाकते, म्हणून रात्री अंथरुणे गच्चीवर जात. हिवाळ्यात चौकातील ऊन हीच बैठक. जमिनीखालचा हा गारवा राजेरजवाड्यांनाही ठाऊक होता. किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधलेल्या मानमंदिरात जमिनीखाली मजले आहेत व तेथवर हवा पोहोचविण्याची सोयही आहे.

सामानसुमानही अशाच बेताचे असे. विणलेल्या बाजेखालून वारा खेळतो. थंडीत तिच्यावरच गादी व रजई पडते. सतरंजी हिवाळ्यात अंथरावी, उन्हाळ्यात गुंडाळून ठेवून फरशी पुसून घ्यावी. दारांना चिकाचे पडदे, आणि लू वाहू लागली म्हणजे वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडावयाचे. पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता शोषून घेते. आजचा कूलर याच नियमाने चालतो.

येथे वाचकांस एक सावधगिरीची सूचना देणे आम्हांस अगत्याचे वाटते. वाळ्याचा पडदा कोरड्या हवेतच गारवा देतो. समुद्राकाठी हवा आधीच ओलसर. तेथे तो लावल्यास खोली केवळ दमट होईल. आपल्याकडे उपयोगी पडतो तो समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार जाणारा वारा. तेव्हा दुसऱ्या प्रांतातील वस्तू उचलण्यापूर्वी ती तेथे का चालते, हे आधी विचारावे.

छज्जाचेही तसेच आहे. ग्वाल्हेरास २१ जूनच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ८७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेस केवळ ४० अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवरील दोन फुटी छज्जा जूनच्या माध्यान्ही सारी भिंत सावलीत ठेवतो, आणि डिसेंबरात त्याची सावली पावणेदोन फुटांच्या आत संपून खालच्या खिडकीतून ऊन घरात येते. वसईसारख्या ठिकाणी जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून तेथे उत्तरेच्या खिडकीसही छज्जा हवा. पश्चिमेचे तिरपे ऊन कोणताही छज्जा अडवू शकत नाही. त्या बाजूस झाड लावावे किंवा चीक सोडावा.

परंतु जुने ते सारे सोने, असे आमचे म्हणणे नाही. वाड्यातील सारी माणसे ऋतूबरोबर हलत, तरी चूल हलत नसे. आणि जेथे चूल तेथे गृहिणी. लू वाहत असतानाही ती धुरात व धगीत उभी असे. आज चूल गेली, गॅस आला, तरी स्वयंपाकघर पश्चिमेच्या कोपऱ्यात आणि त्याला एकच लहान खिडकी, अशी नवी घरे आम्ही पुष्कळ पाहतो. थंड हवेचे यंत्र दिवाणखान्यात अथवा मुलाच्या खोलीत बसते आणि वृद्ध आईवडिलांच्या वाट्याला पत्र्याखालची खोली येते. हे पाहून मनास क्लेश होतात.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नव्हे. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले. उष्म्याचा पहिला घाव वृद्धांवर, तान्ह्या मुलांवर व आजाऱ्यांवर पडतो. त्या शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तेथे झाले. पांढरे छप्पर पुष्कळसे ऊन परतवून लावते. सिमेंटच्या स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात देणे कोणत्याही शेतकरी कुटुंबास परवडण्याजोगे आहे.

तेव्हा वाचकहो, घर बांधणार असाल वा आहे तेच नीट लावणार असाल, तर रंगाचे नमुने पाहण्यापूर्वी एक काम करा. उन्हाळ्याच्या एका दुपारी घरातील प्रत्येक खोलीत पाव तास बसा, स्वयंपाकघरात तर चुलीशी उभे राहा. घरातील सर्वांत सुखाची जागा कोणती, हे तुम्हांस कळेल. मग घरात सर्वांत अशक्त कोण, हे पाहून त्याची खाट तेथे न्या. पावसाळा आला, थंडी आली, म्हणजे हाच शोध पुन्हा घ्या, आणि खाट हलविण्याचा कंटाळा करू नका.