बोट घेतली, आता 'नाही' म्हणायला शिकतोय

आयर्लंडमध्ये स्वतःची मोटारबोट चालवायला लायसन्स लागत नाही. हे मी ज्याला ज्याला सांगतो तो एकच म्हणतो, "मग बरंच की!" तीन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं होतं. ॲथलोनमध्ये राहतो, घरापासून शॅनन नदी चालत दहा मिनिटांवर, वरच्या अंगाला लॉख री हे सुमारे 29 किलोमीटर लांबीचं सरोवर. ऑफिसातले निम्मे लोक शनिवारी पाण्यावर असतात. म्हणून सोळा फुटी जुनी बोट घेतली, 50 हॉर्सपॉवरचं इंजिन, सोबत ट्रेलर. वॉटरवेज आयर्लंडकडे नोंदणी केली, मिळालेला नंबर बोटीवर चिकटवला, विमा काढला आणि झालो की मालक!

पहिल्याच दिवशी स्लिपवेवरून बोट पाण्यात सोडली आणि पाच मिनिटांत पायाशी पाणी. बोटीच्या बुडाला मागच्या बाजूला एक बूच असतं. बोट बाहेर असताना आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून ते काढून ठेवतात आणि पाण्यात उतरवण्याआधी घट्ट लावतात. ते माझ्या जॅकेटच्या खिशात होतं. शेजारच्या आजोबांनी दोरी धरली म्हणून बोट परत ट्रेलरवर चढली. कंप्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी इतका ओशाळलो नव्हतो.

त्यानंतर शहाणपण सुचलं आणि आयरिश सेलिंगचा दोन दिवसांचा पॉवरबोट कोर्स केला. खरं तर हा क्रम उलटा हवा होता. आधी कोर्स, मग लाइफ जॅकेटं आणि उरलेल्या पैशांत बोट. बोटीला ब्रेक नसतो, हे ऐकायला सोपं वाटतं, पण धक्क्याला लागताना वारा मागून आला की त्याचा अर्थ कळतो. नदीच्या वरच्या दिशेला, म्हणजे सरोवराकडे जाताना लाल खुणा डाव्या हाताला ठेवायच्या, येताना उजव्या. लॉख री वरून सपाट, शांत दिसतं; पण खुणा सोडून गेलात तर खाली खडक आहेत. आणि इंजिनाची ती लाल गुंडाळीची दोरी, ट्रेडमिलवर असते तशी. एक टोक चालवणाऱ्याच्या पायाला किंवा अंगाला, दुसरं इंजिनाच्या स्विचला. माणूस पाण्यात पडला की इंजिन जागच्या जागी बंद. 2013 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एक अख्खं कुटुंब स्पीडबोटीतून पाण्यात फेकलं गेलं. दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली नव्हती. मोकळी बोट गोल गोल फिरत त्यांच्याच अंगावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. कोर्समध्ये हे ऐकल्यापासून मी दोरी लावल्याशिवाय किल्लीला हात लावत नाही.

मला विचाराल तर हा दोन दिवसांचा कोर्स सक्तीचा करावा. माझ्या आयरिश मित्रांना हे अजिबात पटत नाही. त्यांच्या मते नदी सगळ्यांची. पण ते पाच वर्षांचे असल्यापासून बोटीत बसतात. माझ्यासारख्या, पस्तिशीत पहिल्यांदा सुकाणू धरणाऱ्याला ते स्वातंत्र्य फार स्वस्तात मिळतं.

आता जरा आपल्या माणसांबद्दल. गेल्या वर्षी गणपतीला डब्लिनहून मित्रमंडळी आली. विसर्जन अंगणातल्या टबात झालं, मोदक झाले आणि मग सगळ्यांना बोटीची फेरी हवी. माणसं आठ, बोटीच्या प्लेटवर आकडा पाच. "दोन लहानच तर आहेत रे, मांडीवर घेतो." एकाला सात वर्षांच्या मुलाचा सुकाणू धरलेला फोटो हवा होता, चालत्या बोटीत. इथे 12 वर्षांखालच्या मुलाच्या हातात 5 हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन देता येत नाही, हे सांगितलं तर म्हणाला, "बघतंय कोण?" वहिनींना जॅकेट नको, कारण पैठणी. सात मीटरपेक्षा छोट्या बोटीत उघड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने ते घातलंच पाहिजे, असा 2005 पासून कायदा आहे. दोन खेपा करू म्हटलं, तेवढ्यात वारा वाढला. मी बोट काढलीच नाही. एक कुटुंब त्यानंतर आमच्याकडे आलेलं नाही. वाईट वाटतं, पण चूक केली असं वाटत नाही.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. माझं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. पलीकडे इंदापूर. रस्त्याने गेलं तर मोठा वळसा, म्हणून सगळे बोटीनेच जायचे. मीही गेलोय, मोटारसायकली, दुधाचे कॅन आणि माणसं एकत्र. जॅकेट हा शब्दही ऐकला नव्हता. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन चिमुकली. त्याच वर्षी डिसेंबरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाच्या बोटीची धडक बसली, 15 जीव गेले. त्यानंतर तिथे जॅकेट सक्तीचं झालं. पंधरा माणसं जावी लागली.

यंदा जूनमध्ये आप्पा आले होते. कूसन पॉइंटला बोट उतरवली, जॅकेट पुढे केलं तर म्हणाले, "अरं, मला पवता येतंय की. ते पोरांना घाल." आप्पा भीमेत पोहत मोठे झालेले. पण भीमेचं पाणी आणि हे पाणी वेगळं. इथे उन्हाळ्यातही पाणी थंडगार. पडल्या पडल्या श्वास अडकतो, पट्टीचा पोहणाराही पहिली मिनिटं हातपाय मारू शकत नाही. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही घातल्याशिवाय बोट सुटणार नाही." बापाला असं पहिल्यांदाच बोललो. ते काठावर जाऊन बसले. अर्धा तास. समोर लाइफबोट उभी होती. 2012 पासून लॉख रीवर आरएनएलआयचं केंद्र आहे, पगार न घेणारे गावकरीच ती चालवतात, हे सूनबाईंनी त्यांना सांगितलं. "फुकट?" एवढंच विचारलं त्यांनी. मग उठून आले आणि जॅकेट घेतलं. मांड्यांमधून जाणारा पट्टा पाहून म्हणाले, "हे काय लंगोट हाय का?" तो पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट डोक्यावरून निघून जातं. मी तो आवळला. हॉडसन बेपर्यंत गेलो, ते एक शब्द बोलले नाहीत. परत येताना म्हणाले, "कुगावच्या त्या पोरांच्या मापाचं मिळतं का रं असलं?"

मिळतं. लहान मुलांची जॅकेटं वजनावर येतात. म्हणून यंदा गणपतीला येणाऱ्या मंडळींना आतापासूनच सांगून ठेवतो: आपली आणि मुलांची वजनं आधी कळवा, त्या मापाची आणून ठेवतो. पैठणीवरूनही बसतं. आणि एका खेपेला माझ्यासकट पाचच.