शिकविणाऱ्याचें शिकणें

अध्यापनाची पदवी पदरीं पडली म्हणजे शिक्षकाचें अध्ययन संपलें, हा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालवाडी काढली. वस्तींतील मुलें येईनात, तेव्हां ती त्यांच्याच अंगणांत नेली. अंगणवाडी ती हीच. बालवाडी चालविणाऱ्या सेविकाही तेथेंच, मुलांच्या सान्निध्यांत तयार झाल्या.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणानें शिक्षकांस प्रतिवर्षीं किमान ५० तासांचें प्रशिक्षण सांगितलें आहे. परंतु आमच्या भिवंडींत यंत्रमागांच्या खडखडाटांत, शाळेबाहेर मुलांस शिकविणाऱ्या ताईनें कोठें शिकावें? शाळांच्या प्रशिक्षणवर्गांत तिलाही बसूं द्यावें. आणि ज्या घरीं निवृत्त शिक्षक असतील, त्यांनीं आठवड्यांतून एक तास तिच्या वर्गांत जावें. शिकवावें, तसेंच शिकावेंही.