एकाच खेळाडूची सगळी कार्डं जमवायची म्हटलं तर? बास्केटबॉल कार्डांच्या बाजाराचं गणित समजून घ्या

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘हेरिटेज ऑक्शन्स’च्या लिलावात एक कार्ड विकलं गेलं. तळहातावर सहज मावेल एवढं. त्यावर मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्या, आणि दोघांच्या जर्सीवरून कापून घेतलेले एनबीएचे लोगो. २००७-०८ च्या हंगामातलं हे कार्ड जगात एकच आहे. त्याला किंमत आली सुमारे १ कोटी २९ लाख डॉलर, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्याही वर. बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डानं २०२२ मध्ये केलेला १ कोटी २६ लाख डॉलरचा विक्रम त्यानं मोडला.

‘सर्वांत महागडं क्रीडा कार्ड’ म्हणून बातमी जगभर फिरली. पण फक्त कोबीची किंवा फक्त जॉर्डनची कार्डं जमवणाऱ्यांसाठी त्या बातमीचा अर्थ वेगळा होता. त्यांच्या संग्रहात एक जागा कायमची रिकामी राहणार, हे त्या रात्री पक्कं झालं.

या बाजारात गुंतवणूकदार आहेत, दलाल आहेत, लाइव्ह व्हिडिओवर पाकिटं फोडून विकणारे आहेत. या सगळ्यांत आवडत्या खेळाडूपायी आलेला माणूस मात्र आता विचित्र कोंडीत सापडलाय. ती कोंडी काय आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यात काय बदललं?

आधी हे ‘प्लेअर कलेक्टर’ प्रकरण समजून घेऊ

आपल्याकडे नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आठवत असतील. उंची, वजन, रँक सांगायची आणि समोरच्याचं कार्ड जिंकायचं. म्हणजे कार्ड ही खेळायची वस्तू होती. अमेरिकेतलं ट्रेडिंग कार्ड हे मुळात जमवायची आणि अदलाबदल करायची वस्तू आहे. बास्केटबॉलमध्ये बोमन कंपनीनं १९४८ साली ७२ कार्डांचा संच काढला, तिथून ही परंपरा धरली जाते.

जमवणाऱ्यांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, अख्खा संच पूर्ण करणारा. दुसरा, स्वस्तात घेऊन महागात विकणारा. तिसरा, एकच खेळाडू धरून बसणारा. तोच ‘प्लेअर कलेक्टर’. आपल्या अशा संग्रहाला तो ‘पीसी’ म्हणतो, म्हणजे पर्सनल कलेक्शन. लुका डॉन्चिच फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसहून लेकर्सकडे गेला, तेव्हा डॅलसची कार्डं जमवणाऱ्याच्या हातून तो सुटला. लुकाची कार्डं जमवणारा मात्र त्याच्यामागे लॉस एंजेलिसला गेला.

१९८६ : दोन वस्तू मिळाल्या की काम झालं

फ्लीअर कंपनीचा १९८६-८७ चा संच या छंदात सर्वांत गाजलेला. त्यात १३२ कार्डं आणि ११ स्टिकर होते. जॉर्डनचं कार्ड होतं ५७ नंबरचं, आणि स्टिकर ८ नंबरचा. बस्स. त्या संचातला जॉर्डन ‘पूर्ण’ करायला दोन वस्तू पुरायच्या. शाळकरी पोरगाही खाऊच्या पैशातून पाकिटं घेऊन आणि मित्रांशी अदलाबदल करून तिथवर पोचू शकत होता.

पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी कार्डं इतकी छापली, की ढिगानं असलेल्या त्या कार्डांना आजही फारसा भाव नाही. त्यातून कंपन्या धडा शिकल्या. दुर्मीळपणा आपोआप येत नसेल तर तो छापायचा.

१९९७-९८ च्या ‘मेटल युनिव्हर्स’ संचातली ‘प्रेशस मेटल जेम्स’ ही कार्डं याचं ठळक उदाहरण. प्रत्येक खेळाडूची फक्त १०० कार्डं. त्यातली पहिली १० हिरवी, उरलेली ९० लाल. प्रत्येकावर क्रमांक. याच काळात जगात एकच प्रत असलेली ‘वन ऑफ वन’ कार्डंही आली. मग २००३-०४ मध्ये, लेब्रॉन जेम्सच्या पहिल्या हंगामात, अपर डेकनं ‘एक्स्क्विझिट’ नावाचा संच काढला. पाच कार्डांचं एक पाकीट, किंमत ५०० डॉलर. शाळकरी पोरगं या खेळातून बाहेर पडलं ते साधारण इथे.

‘रेनबो’ म्हणजे काय, आणि तो पूर्ण का होत नाही?

आजच्या कार्डांची गंमत अशी, की एकच फोटो, एकच खेळाडू आणि एकच नंबर असलेलं कार्ड कितीतरी रंगांत निघतं. साधं, चंदेरी, लाल, निळं, सोनेरी, काळं. या रंगीत आवृत्त्यांना ‘पॅरलल’ म्हणतात. २०१२-१३ मध्ये पानिनी कंपनीनं आणलेल्या ‘प्रिझम’ संचानंतर बास्केटबॉलमध्ये हा प्रकार चांगलाच फोफावला. जसजसा रंग वर चढतो, तसतशा प्रती कमी होतात. कुठल्या रंगाच्या ९९, कुठल्याच्या २५, सोनेरीच्या सहसा १० आणि सर्वांत वरचं एकच.

एका कार्डाचे सगळे रंग जमवले की ‘रेनबो’ पूर्ण झाला म्हणायचं. आता साधं गणित करा. सोनेरी कार्डाच्या १० प्रती असतील, तर फार तर दहा जण तिथवर पोचतील. त्यावरच्या कार्डाची प्रतच एक असेल, तर जगात रेनबो पूर्ण करणारा माणूसही एकच असू शकतो. बाकीच्यांनी कितीही पैसे ओतले तरी ते हरणारच. तेही एकाच संचातल्या एका कार्डासाठी. असे डझनावारी संच दर हंगामात येतात.

शिवाय ते एकमेव कार्ड कुठे आहे हेही माहीत नसतं. कुणाच्या तिजोरीत असेल किंवा एखाद्या दुकानात न फोडलेल्या खोक्यात पडून असेल. ते बाजारात आलंच, तर विकणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं की या खेळाडूमागे वेडे झालेले दोघं-तिघं कोण आहेत. अशा कार्डाचा भाव बाजार ठरवत नाही. त्या दोघांतला दुसऱ्या नंबरचा माणूस कुठे थांबतो, त्यावर तो ठरतो.

सही एकीकडे, जर्सी दुसरीकडे

दुसरी अडचण करारांची. कार्डावर संघाचं नाव आणि एनबीएचा लोगो छापायला लीगचा परवाना लागतो. खेळाडूची सही घ्यायला त्याच्याशी वेगळा करार लागतो. हे दोन्ही एकाच कंपनीकडे असतीलच असं नाही.

एनबीएनं २००९ मध्ये पानिनीशी करार केला. पुढे परवानाधारक कार्डांचं मैदान तिचं एकटीचं झालं. पण लेब्रॉनच्या सहीचा करार होता अपर डेककडे. त्यामुळे लेब्रॉनच्या कारकिर्दीतली ऐन भराची वर्षं अशी गेली, की पाकिटातून निघणाऱ्या एनबीएच्या अधिकृत कार्डावर त्याची सहीच नसायची. जॉर्डनही अपर डेककडेच राहिला. त्या कंपनीचा एनबीए परवाना गेल्यावर तिच्या नव्या कार्डांवर तो बऱ्याचदा बुल्सऐवजी नॉर्थ कॅरोलायना या त्याच्या कॉलेजच्या जर्सीत दिसू लागला.

व्हिक्टर वेम्बानियामाचं तर आणखी अवघड झालं. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये सॅन अँटोनियो स्पर्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. खेळाडूच्या पहिल्या हंगामातलं ‘रूकी कार्ड’ हे संग्राहकासाठी सर्वांत मोलाचं. पण पानिनीच्या कार्डांवर तो स्पर्सच्या जर्सीत होता आणि सही नव्हती. टॉप्सकडे सही होती, पण एनबीएचा परवाना नव्हता. म्हणजे चाहत्यानं एकाच खेळाडूच्या दोन अर्ध्या वस्तू घ्यायच्या.

ऑक्टोबर २०२५ पासून काय बदललं?

या बदलाची सुरुवात २०२१ मध्ये झाली. क्रीडा साहित्य विकणाऱ्या फनॅटिक्स या अमेरिकन कंपनीनं एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेकडून कार्डांचे पुढचे हक्क मिळवले. जानेवारी २०२२ मध्ये तिनं टॉप्स ही जुनी कार्ड कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतली. पानिनीची मुदत संपली आणि २०२५-२६ च्या हंगामापासून एनबीएची अधिकृत कार्डं टॉप्सच्या नावानं निघू लागली. तब्बल दीड दशकानंतर टॉप्स एनबीएत परतली. दरम्यान, २०२४ मध्ये लेब्रॉननंही सह्यांसाठी टॉप्सशी करार केला होता.

एकाच खेळाडूमागे असलेल्या चाहत्याला यात दिलासा आहेच. वेम्बानियामाची सही आणि स्पर्सची जर्सी आता एकाच कार्डावर येऊ शकते.

पण दुसरी बाजूही आहे. बेसबॉल आधीपासून टॉप्सकडे होतंच, आता बास्केटबॉलही आलं. पानिनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये फनॅटिक्सवर मक्तेदारीचा आरोप करत अमेरिकी न्यायालयात दावा ठोकला. फनॅटिक्सनंही उलटा दावा केला. वाद दोन कंपन्यांचा असला तरी चाहत्यासाठी प्रश्न सरळ आहे. अधिकृत वस्तू विकणारी कंपनी एकच असेल, तर किंमत, रंगांची संख्या आणि दर हंगामात किती संच काढायचे यावर लगाम कोण घालणार? गुंतवणूकदाराला पटलं नाही तर तो पोकेमॉनकडे वळेल. संघाचा संग्राहक एखादा हंगाम सोडून देईल. एकाच खेळाडूला वाहिलेला माणूस कुठे जाणार? तो खेळाडू दुसरीकडे मिळतच नाही.

आणि ते कापड नेमकं कुणाचं?

जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डं चाहत्यांना विशेष प्रिय असतात. आपल्या हिरोनं घातलेल्या जर्सीचा धागा आपल्याकडे आहे, ही भावनाच मोठी. म्हणूनच कार्डाची मागची बाजू वाचायला हवी. अलीकडच्या अनेक कार्डांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की आतलं कापड कुठल्याही विशिष्ट खेळाडूशी, सामन्याशी किंवा कार्यक्रमाशी जोडलेलं नाही. म्हणजे पुढे फोटो लेब्रॉनचा, पण कापड कुणाचं ते कंपनी सांगायला बांधील नाही.

सह्यांचंही तसंच. काही सह्या थेट कार्डावर केलेल्या असतात. काही स्टिकरवर घेऊन नंतर कार्डावर चिकटवलेल्या असतात. कधी पाकिटातून सहीऐवजी नुसता कोड निघतो, आणि खेळाडू सही करेपर्यंत वाट बघायची. ही वाट महिन्यांची असते, कधी वर्षांचीही.

भाव चढला म्हणून घेणाऱ्यांचं काय झालं?

कोबीचं निधन २६ जानेवारी २०२० ला झालं. त्यानंतर त्याच्या कार्डांचे भाव उसळले. मग लॉकडाऊन, आणि त्यातच जॉर्डनवरची ‘द लास्ट डान्स’ ही मालिका. कार्डाची अवस्था तपासून १ ते १० गुण देणाऱ्या पीएसए या संस्थेकडे इतका ढीग साचला, की मार्च २०२१ मध्ये तिनं बहुतेक सेवांसाठी नवी कार्डं घेणं थांबवलं. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीनं मे २०२१ मध्ये, कार्डांवरून झालेल्या हाणामारीनंतर, दुकानातली विक्री काही काळ बंद ठेवली.

जॉर्डनच्या १९८६ च्या त्याच ५७ नंबरच्या कार्डाची १० गुणांची प्रत जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरना गेली. पुढच्या वर्षी तशीच प्रत २ लाख डॉलरच्या आसपास आली होती. कार्ड तेच, गुण तेच. ज्यानं विकायला घेतलं होतं तो बुडाला. ज्यानं जॉर्डनसाठी घेतलं होतं त्याच्या कपाटात ते अजून आहे. पण म्हणून त्यानं जास्तीचे पैसे मोजले नाहीत असं होत नाही.

मग टिकून राहिलेले कलेक्टर करतात काय?

पहिली गोष्ट, ते ‘सगळं’ जमवायचा नाद सोडतात आणि स्वतःची हद्द आखतात. कुणी फक्त पहिल्या हंगामातली कार्डं घेतं. कुणी फक्त एका संघातली. कुणी दर वर्षीचं एक साधं कार्ड, की कारकीर्द ओळीनं डोळ्यांसमोर राहावी. कुणी खेळाडूच्या जर्सीचाच क्रमांक असलेली प्रत शोधतं, म्हणजे जॉर्डनच्या ९९ प्रतींपैकी २३ वी.

दुसरी गोष्ट, ते सहसा खोकी फोडत नाहीत. बंद खोक्यात आपला खेळाडू निघेल का, हा जुगार आहे. लाइव्ह ‘ब्रेक’मध्ये एका संघाचा वाटा विकत घेणं हा त्याचाच पुढचा प्रकार. ज्याला नेमकं काय हवंय ते माहीत आहे, त्यानं तेच कार्ड सुटं घ्यावं. बहुतेक साधी कार्डं अशी सुटी घेतली तर खोक्याच्या किमतीपुढे किरकोळ पैशांत मिळतात.

तिसरी गोष्ट, विक्रेता काय मागतोय यापेक्षा तसं कार्ड याआधी खरंच कितीला विकलं गेलं ते बघायचं, आणि नव्या संचाची पहिल्या आठवड्यांतली गर्दी ओसरू द्यायची.

एनबीएचे पहिले सामने भारतात झाले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. सॅक्रॅमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. ते बघून या खेळाच्या प्रेमात पडलेल्यांपैकी कुणी आता कार्डांकडे वळत असेल, तर त्याला डॉलरमधल्या किमतीवर पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्कही धरावं लागतं. त्यामुळे हद्द आखण्याची गरज इथे जास्तच.

१९८६ मध्ये संग्रह कुठे संपतो ते संचावरच छापलेलं होतं : नंबर ५७ आणि स्टिकर नंबर ८. आजची कंपनी तसा शेवट छापणार नाही, कारण तो न छापण्यावरच तिचा धंदा चालतो. त्यामुळे पुढचं कार्ड घेण्याआधी आपली यादी कुठे संपते, हे चाहत्यालाच एका कागदावर लिहून ठेवावं लागणार आहे.