दुर्बीण कोणाच्या मालकीची?

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य कोळशाचे. कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद आहे ती ब्लेअर माउंटनच्या लढ्यामुळे. युनियन करण्याचा हक्क नाकारणाऱ्या खाणमालकांविरुद्ध १९२१ साली सुमारे दहा हजार कोळसा कामगार तेथे शस्त्रे घेऊन उभे ठाकले आणि केंद्र सरकारचे सैन्य आल्यावरच तो लढा थांबला. १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीतील स्फोटात ७८ आणि २०१० मध्ये अप्पर बिग ब्रँच खाणीत २९ कामगार प्राणास मुकले. या राज्याच्या डोंगरांनी अमेरिकेतील कारखान्यांना पिढ्यानपिढ्या इंधन पुरवले. स्वतः ते मात्र त्या श्रीमंत देशातील गरीब राज्यांपैकी एक राहिले.

याच राज्याच्या पोकाहाँटस परगण्यात, ग्रीन बँक या खेड्यापाशी, सर्व बाजूंना वळवता येणारी जगातील सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे. २००० साली तिचे उद्घाटन झाले. तिची तबकडी १०० मीटर रुंद व ११० मीटर लांब आहे. आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संदेश मानवनिर्मित गोंगाटात बुडून जाऊ नयेत यासाठी १९५८ सालीच या भागातील सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटर प्रदेश रेडिओ शांतता क्षेत्र म्हणून राखून ठेवण्यात आला. म्हणजे शास्त्रज्ञांना ऐकू यावे म्हणून या डोंगरातील रहिवाशांनी कितीतरी सोयींवर पाणी सोडले आहे. परंतु त्या दुर्बिणीला जे ऐकू येते, त्याच्याशी त्या रहिवाशांच्या मुलांचा संबंध काय? हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा वाटला तरी मुळात तो सार्वजनिक मालकीचा प्रश्न आहे. आणि त्याचे एक चांगले उत्तर त्याच राज्यात काही वर्षे प्रत्यक्षात उतरले, म्हणूनच त्याची दखल समाजवादी कार्यकर्त्यांनी घ्यावयास हवी.

२००७ च्या उन्हाळ्यात, ज्या पोलादी रुळावरून ही दुर्बीण फिरते त्या रुळाची दुरुस्ती निघाली. दुर्बीण जागची हलू शकत नव्हती. तेव्हा शास्त्रज्ञांनी तिला एका दिशेला स्थिर ठेवले आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबर डोक्यावरून सरकणारे आकाश टिपून घेतले. अशा सुमारे १५०० तासांच्या नोंदी जमा झाल्या. त्यांतील सुमारे ३०० तासांच्या नोंदी शाळकरी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या. राष्ट्रीय रेडिओ खगोलवेधशाळा आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ यांनी मिळून, नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या अनुदानावर, 'पल्सार सर्च कोलॅबोरेटरी' नावाचा उपक्रम सुरू केला. आरंभी माध्यमिक शाळांतील शिक्षकांना ग्रीन बँक येथे बोलावून प्रशिक्षण दिले गेले; त्या शिक्षकांनी आपापल्या शाळांत विद्यार्थ्यांचे गट उभे केले.

येथे 'राखून ठेवण्यात आल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शास्त्रज्ञांनी आधी सर्व पाहून घेतले आणि उरलेले मुलांपुढे टाकले, असे घडले नाही. त्या ३०० तासांत काय दडले आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी जे 'प्रयोग' करतो, त्यांचे उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच छापलेले असते आणि ते जुळले नाही तर गुण कापले जातात. येथे उत्तरच अस्तित्वात नव्हते. ते शोधण्याचे खरेखुरे काम मुलांवर सोपवले गेले होते.

हे काम कसले, तेही पाहिले पाहिजे. प्रचंड ताऱ्याचा स्फोटात अंत झाल्यावर मागे उरतो तो न्यूट्रॉन तारा. व्यास जेमतेम २० किलोमीटर. वस्तुमान मात्र सर्वसाधारणपणे सूर्याहून अधिक. तो स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत ठरावीक अंतराने पृथ्वीवरून जातो. असा तारा म्हणजे पल्सार. संगणक नोंदी चाळून संशयास्पद ठोक्यांचे आलेख काढतो. परंतु त्यांतील बहुसंख्य आलेख विमाने, कृत्रिम उपग्रह किंवा विजेची उपकरणे यांच्या गोंगाटाचे असतात. विद्यार्थ्याने प्रत्येक आलेखाला प्रश्न विचारायचे. ठोका निरीक्षणाच्या पूर्ण काळात टिकतो काय? तो सर्व कंप्रतांवर दिसतो काय? कमी कंप्रतेच्या लहरी जरा उशिरा पोचल्या आहेत काय? दूरच्या ताऱ्यापासून येणाऱ्या लहरी अवकाशातील इलेक्ट्रॉनांमधून वाट काढत येतात, तेव्हा कमी कंप्रतेच्या लहरींना विलंब होतो. हा विलंब नसेल, तर तो गोंगाट पृथ्वीवरचाच समजायचा.

२००९ च्या मार्चमध्ये वेस्ट व्हर्जिनियातील दहावीच्या एका विद्यार्थ्याने असे दोन हजारांवर आलेख पाहिल्यानंतर एक वेगळा ठोका हेरला. तो नियमित पल्सार नव्हता, तर अधूनमधूनच एखादा झोत सोडणारा, त्या काळी अगदी थोड्या संख्येने माहीत असलेला न्यूट्रॉन तारा होता. पुढे २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या शाळांतील एक विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी यांनी १८५ मिलिसेकंदांत एक फेरी घेणारा पल्सार शोधला. दुसऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याबरोबर तो ४५ दिवसांची प्रदक्षिणा पूर्ण करतो असे पुढील निरीक्षणांत आढळले आणि अशा जोड्यांपैकी ही सर्वांत रुंद कक्षेची जोडी ठरली. २०१३ आणि २०१५ मध्ये या शोधांवर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत शास्त्रज्ञांच्या नावांबरोबर शाळकरी मुलांची नावेही लेखक म्हणून छापली गेली.

यावर एक आक्षेप डाव्या विचाराच्या माणसाला सहज सुचेल. हजारो आलेख पाहण्याचे कंटाळवाणे काम मुलांकडून फुकट करवून घेणे, हे वेठबिगारीचेच सभ्य रूप नव्हे काय? आक्षेप गैरवाजवी नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे घडलेले आहे. पहिला पल्सार १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने दिवसेंदिवस कागदी पट्ट्या तपासून शोधला; १९७४ चे नोबेल पारितोषिक मात्र तिच्या मार्गदर्शकांना मिळाले. २०१८ साली तिला ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सारी रक्कम तिने भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा वाव मिळत नाही अशा गटांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. शोध लावणाऱ्या हातांना श्रेय नाकारले जाणे म्हणजे काय, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणूनच कसोटी श्रम कष्टाचे होते की नव्हते ही नाही. कष्टाविना ज्ञान नाही. श्रम करणाऱ्याला त्या श्रमाचा अर्थ समजतो काय, निर्णय घेण्याचा अधिकार त्याला आहे काय आणि फळावर त्याचे नाव लागते काय, ही कसोटी आहे. कारखान्यात कामगार या तिन्ही गोष्टींना मुकतो, म्हणून त्याचे श्रम त्याला परके होतात. ग्रीन बँकच्या उपक्रमात तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याकडे राहिल्या. जेथे त्या राहणार नाहीत, तेथे 'विद्यार्थ्यांचे संशोधन' या गोंडस नावाखाली फुकटची मजुरीच चालेल. आणि अशा ठिकाणी तिला विरोध केला पाहिजे.

या उपक्रमाची तुलना अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रथेशी करणे उद्बोधक ठरेल. तेथे १९४२ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध स्पर्धा चालते. प्रथम ती वेस्टिंगहाऊस कंपनीच्या नावाने होती, मग इंटेलच्या, आता रीजेनेरॉन या औषध कंपनीच्या. तिच्यातून नामवंत शास्त्रज्ञ निघाले, हे खरे. परंतु स्पर्धेचा स्वभावच असा की, ज्याच्या घरी पुस्तके आहेत आणि ज्याच्या ओळखीत प्राध्यापक व प्रयोगशाळा आहे, तो चार पावले पुढून धावू लागतो. शर्यत संपल्यावर त्या चार पावलांना 'प्रज्ञा' म्हटले जाते. उलट ग्रीन बँकच्या उपक्रमात गरीब परगण्यातील शाळेच्या हाती तीच सामग्री आली, जी विद्यापीठातील संशोधकाच्या हाती असते. समान संधी म्हणतात ती ही. शर्यतीची रेषा सर्वांसाठी एकच आखली म्हणजे समता येत नाही. साधने सर्वांच्या हाती यावी लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पल्सार शोधणारा विद्यार्थी बहुतांश वेळ 'नाही' म्हणत असतो. हा आलेख गोंगाटाचा, तोही गोंगाटाचा, पुढचाही. मनातून शोध लागावा अशी तीव्र इच्छा असताना पुराव्याअभावी ती दूर सारण्याची सवय त्याला लागते. भारताच्या राज्यघटनेत १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घातले गेले. परंतु हा दृष्टिकोन ग्रहणाच्या दिवशी केलेल्या भाषणांनी रुजत नाही. स्वतःच्या आवडत्या निष्कर्षालाही पुरावा मागण्याचा सराव ज्याने केला आहे, त्याच्याच ठायी तो रुजतो. असा सराव झालेला तरुण उद्या बुवालाही पुरावा मागेल आणि मंत्र्यालाही.

मग असा उपक्रम सर्वत्र का पसरत नाही? याचे उत्तरही वेस्ट व्हर्जिनियातच मिळते. अशा उपक्रमाचा कणा म्हणजे शाळेतील शिक्षक. त्या राज्यातील शिक्षकांचे पगार देशात तळाच्या काही राज्यांत मोडत होते. विम्याचे वाढते हप्ते आणि तुटपुंजी पगारवाढ यांविरुद्ध २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वच्या सर्व ५५ परगण्यांतील शिक्षक व शाळा कर्मचारी, संपावर बंदी असतानाही, संपावर गेले. शाळेतील जेवणावर अवलंबून असलेली मुले उपाशी राहू नयेत म्हणून शिक्षकांनी स्वतः डबे बांधून पोचवले. अखेर पाच टक्के वाढ मिळवूनच ते वर्गांत परतले. ब्लेअर माउंटनची परंपरा खडू हाती घेऊन पुन्हा उभी राहिली, असेच म्हटले पाहिजे.

परंतु दुसऱ्या बाजूने घाव पडतच राहिले. ग्रीन बँकच्या दुर्बिणीवरील खर्चातून केंद्रीय संस्थेने अंग काढून घ्यावे, अशी शिफारस २०१२ साली तिच्याच आढावा समितीने केली; २०१६ मध्ये ही वेधशाळा राष्ट्रीय वेधशाळेपासून वेगळी करण्यात आली. ज्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने मुलांसाठी आकाश खुले केले, त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये तुटीचे कारण पुढे करून २८ अभ्यासक्रम आणि १४३ प्राध्यापकांची पदे रद्द केली. गणितातील पदव्युत्तर शिक्षणही त्यात गेले. पुढे मे २०२५ मध्ये अध्यक्षांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनची तरतूद निम्म्याहून अधिक घटवण्याचा प्रस्ताव मांडला. शाळकरी मुलाला पल्सार शोधायला शिकवायचे आणि तो मोठा होईपर्यंत गणित विभागाची कवाडे अरुंद करायची, असा हा व्यवहार आहे. भांडवलशाही व्यवस्थेला एखाददुसऱ्या हुशार मुलाचे कौतुक परवडते. सर्व मुलांना शिकवणारी यंत्रणा तिला परवडत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा त्यांचा मुद्दा नेमका हाच होता. सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, हा अन्याय त्यांनी मांडला होता. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, ही समजूत त्यांनी धुडकावली होती. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण उभी राहिली. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये पसरलेली ही दुर्बीण जगातील आघाडीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे आणि तिच्यावरही नवे पल्सार शोधले जातात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त ती लोकांना खुली होते. शाळांची मुले प्रकल्प मांडतात, तबकड्या पाहून हरखून जातात. हे निःसंशय स्तुत्य आहे. पण दुर्बीण पाहणे निराळे आणि दुर्बिणीतून पाहणे निराळे. तिच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सार्वजनिक होतात. कायद्याने खुल्या असलेल्या त्या दारापर्यंत जुन्नर-आंबेगावच्या अनुदानित शाळेतील मुलगी पोचेल, असा रस्ता बांधणे हे पुढचे काम आहे.

त्यासाठी मागण्या ठोस हव्यात. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या वैज्ञानिक साधनाच्या नोंदींतील काही वाटा, कोणी हात लावण्यापूर्वी, सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी राखून ठेवावा. विज्ञान शिक्षकांना या कामासाठी पगारी प्रशिक्षण मिळावे आणि जनगणना, मतदारयाद्या, सर्वेक्षणे यांच्या ओझ्यातून त्यांची सुटका व्हावी. साहित्य व मार्गदर्शन मराठीत असावे. शोध लागल्यास त्यावर विद्यार्थ्याचे नाव लागावे. आणि हे सारे दोन-चार वर्षांच्या अनुदानावर न ठेवता अंदाजपत्रकातील कायम तरतुदीवर उभे करावे. शिक्षक संघटना, विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते आणि पालक यांनी एकत्र येऊन या मागण्या लावून धरल्या, तर त्या अशक्य कोटीतील मुळीच नाहीत.

कमी पटाचे कारण सांगून खेड्यातील शाळा बंद करण्याचे मनसुबे ज्या काळात रचले जात आहेत, त्या काळात रेडिओ दुर्बिणीच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु शाळा वाचवण्याचा लढा केवळ भिंती आणि पट वाचवण्याचा नसतो. त्या शाळेत बसलेल्या मुलाला ज्ञानाच्या कोणत्या टोकापर्यंत जाण्याचा हक्क आहे, हे ठरवण्याचा तो लढा असतो. भाकरीच्या लढ्याइतकाच तो निकडीचा आहे, कारण भाकरीचा हिशेब कोण मांडणार, हे शेवटी शाळेतच ठरते.